सतरा टक्क्यांचं गणित

१९८७ ते १९९० या मॉडेल वर्षांतल्या जीप चेरोकीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा तो पिवळा दिवा नाही. बोनेटखाली सहा सिलिंडरचं चार लिटरचं पेट्रोल इंजिन आहे, ते चालवणारा कॉम्प्युटर आहे, कॉम्प्युटरला माहिती पुरवणारे सेन्सरही आहेत. पण बिघाड झाला तर तो लक्षात ठेवायची किंवा मालकाला कळवायची सोय त्यात केलेलीच नव्हती. फ्रान्सची रेनो आणि अमेरिकेची बेंडिक्स या दोन कंपन्यांनी मिळून ही यंत्रणा बनवली, म्हणून तिला रेनिक्स म्हणतात. अमेरिकेत या गाड्या आजही रस्त्यावर दिसतात, आणि त्यांना चालतं ठेवणाऱ्यांमध्ये घरापुढच्या जागेत बोनेट उघडून स्वतः काम करणारे मालक पुष्कळ आहेत. त्यांच्या हातातलं मुख्य हत्यार म्हणजे साधा डिजिटल मल्टिमीटर.

सेन्सरची तपासणी शिकायची असेल तर मला ही जुनी जीप आजच्या कुठल्याही गाडीपेक्षा चांगली वाटते. स्कॅनर लावून कोड वाचण्याचा पर्यायच नसल्यामुळे इथे मोजावं लागतं, आणि मोजायचं तर ती वस्तू कशी चालते हे समजून घ्यावं लागतं. शिवाय या गाडीतला एक सेन्सर असा आहे, की तो नुसता तपासता येत नाही, हाताने फिरवून बरोबर जागी बसवताही येतो. तो म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सर. गॅरेजात त्याला थोडक्यात टीपीएस म्हणतात.

ॲक्सिलरेटर दाबला की केबल ओढली जाते आणि इंजिनात हवा नेणाऱ्या तोंडाशी बसवलेली गोल चकती तिरकी होत उघडते. आपले मेकॅनिक तिला बटरफ्लाय म्हणतात. तिच्या दांड्याच्या टोकाला प्लास्टिकची एक छोटी डबी दोन स्क्रूंनी बसवलेली असते. डबीत कार्बनचा पातळ पट्टा असतो आणि दांड्याबरोबर फिरणारी धातूची पत्ती त्या पट्ट्यावर घासत जाते. जुन्या रेडिओचं आवाज कमी-जास्त करायचं बटण आतून असंच असायचं. पट्ट्याच्या एका टोकाला कॉम्प्युटर साधारण पाच व्होल्ट देतो, दुसरं टोक अर्थला जोडलेलं असतं आणि पत्तीवरून तिसरी वायर निघते. बटरफ्लाय बंद असताना पत्ती अर्थच्या बाजूला असते, म्हणून तिसऱ्या वायरवर एका व्होल्टच्या आत दाब मिळतो. बटरफ्लाय पूर्ण उघडली की तो चार व्होल्टच्या वर जातो. चकती किती अंशांत उघडली आहे हे कॉम्प्युटरला दिसत नाही. त्याला दिसतात ते फक्त व्होल्ट.

या व्होल्टांवर तो काय काय ठरवतो ते पाहू. आपण पाय झटकन दाबला तर हवा लगेच आत घुसते, पण फवारलेलं थोडं पेट्रोल इनटेकच्या भिंतींना चिकटून राहतं आणि मिश्रण क्षणभर पातळ होतं. ही तूट भरायला त्या क्षणी जादा पेट्रोल लागतं. कार्बोरेटरमध्ये हे काम एक छोटा पंप करायचा. इथे सेन्सरचे व्होल्ट किती वेगाने वाढले यावरून कॉम्प्युटर ते ठरवतो. उतारावर पाय काढलेला असेल आणि इंजिन मात्र जोरात फिरत असेल, तर बहुतेक इंजेक्शनच्या गाड्या पेट्रोल काही काळ बंदच करतात. सिग्नलला उभं राहिल्यावर आयडलिंगचा ताबा घ्यायचा की नाही, हेही याच व्होल्टांवर ठरतं. आणि गाडी ऑटोमॅटिक असेल तर गिअर कधी पडायचा तेही.

त्यामुळे सेन्सर चुकला की लक्षणंही याच जागी दिसतात. बटरफ्लाय बंद असूनही व्होल्ट थोडे जास्त आले, तर कॉम्प्युटरला वाटतं अजून पाय पॅडलवर आहे. मग रेस खाली येत नाही किंवा सारखी वर-खाली होत राहते. पट्टा एखाद्या जागी झिजला असेल, तर पॅडलच्या नेमक्या त्याच टप्प्यावर गाडी अडखळते, झटका खाते आणि पुढे पुन्हा नीट पळते. ऑटोमॅटिकमध्ये गिअर उशिरा किंवा धक्का देऊन पडतात. मात्र रेस वर-खाली होण्यामागे फुटलेला व्हॅक्यूमचा पाइप असू शकतो, आयडलिंगची मोटर काजळीने अडकलेली असू शकते किंवा बटरफ्लायच्या कडेला साचलेला काळा थर तिला पूर्ण मिटू देत नसेल. लक्षणावरून संशय घ्यावा, सेन्सर विकत घेऊ नये.

आता मुख्य गणिताकडे येतो. मॅन्युअल गिअरच्या रेनिक्स जीपमध्ये नियम असा, की बटरफ्लाय पूर्ण बंद असताना सिग्नल हा पुरवठ्याच्या सतरा टक्के असला पाहिजे. नियम व्होल्टांत न देता टक्क्यांत दिला आहे याला कारण आहे. कॉम्प्युटर देतो ते पाच व्होल्ट दरवेळी काटेकोर पाच नसतात. एका गाडीत ४.८२ मिळतील, दुसरीत ५.०१. पुरवठा हलला तर सिग्नलही त्याच प्रमाणात हलतो, पण दोन्हींचं गुणोत्तर हलत नाही. ४.८२ ला ०.१७ ने गुणलं की ०.८२ येतं, ५.०१ ला गुणलं की ०.८५. दोन्ही गाड्या बरोबर आहेत. कोणाच्या तरी गाडीला ०.८५ पाहिजे म्हणून आपल्यालाही तेवढेच व्होल्ट मिळवायला बसलो, तर बरोबर असलेला सेन्सर आपण स्वतःच बिघडवू.

सेन्सरच्या चपट्या कपलरवर तीन जागांना ए, बी आणि सी अशी अक्षरं दिलेली आहेत. ए म्हणजे पुरवठा, बी म्हणजे अर्थ, सी म्हणजे सिग्नल. कपलर काढायचा नाही, कारण जोडलेल्या, चालू सर्किटमध्येच ही मोजणी करायची आहे. वायर जिथून कपलरमध्ये शिरते त्या मागच्या बाजूने बारीक टाचणी आत सरकवायची आणि तिला मीटरची तार लावायची. वायरला मधेच भोक पाडून मोजण्याची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. त्या भोकातून पाणी शिरतं आणि वायर आतून हिरवी पडते, म्हणून ते टाळावं. दोन टाचण्या एकमेकींना लागणार नाहीत याची काळजी घ्यायची, चावी ऑन करायची, पण इंजिन चालू करायचं नाही. ए आणि बी यांच्यामध्ये पुरवठा मोजायचा, सी आणि बी यांच्यामध्ये सिग्नल.

पण ही मोजणी करण्याआधी दुसरी एक मोजणी करायलाच हवी, आणि घरी काम करणारे बहुतेक लोक चुकतात ते इथे. ती अर्थची. समजा सेन्सरचा पट्टा पाच हजार ओहमचा आहे आणि अर्थच्या वायरमध्ये कुठेतरी गंजामुळे शंभर ओहमचा अडथळा तयार झालाय. सेन्सर अगदी बरोबर बसवलेला आहे, म्हणजे सतरा टक्क्यांवर. पुरवठा पाच व्होल्टचा असेल तर कॉम्प्युटरला ०.८५ दिसायला हवेत. पण आता पट्ट्याच्या खाली हे शंभर ओहम जोडले गेले, त्यामुळे त्याला दिसतात साधारण ०.९३. म्हणजे पायाने स्पर्शही न करता पॅडल किंचित दाबल्यासारखं झालं. गंमत अशी, की तुम्ही मीटरची काळी तार कपलरच्या बी जागेवर लावून मोजलंत तर गुणोत्तर सतरा टक्केच येईल! कारण तो अडथळा बी जागेच्या पलीकडे, बॅटरीकडच्या बाजूला आहे. तुमच्या मोजणीत तो येतच नाही. मीटर सांगतो सगळं ठीक आहे, गाडी सांगते नाही, आणि मालक नवा सेन्सर आणायला दुकानात जातो. नवा बसवला तरी गाडी तशीच वागते.

म्हणून आधी चावी बंद करून बी जागा आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल यांच्यातला रोध मोजायचा. तो एका ओहमच्या आत हवा. मीटरच्या तारा एकमेकींना टेकवल्या की त्यांचा स्वतःचा जो थोडा रोध दिसतो, तो यातून वजा करायचा. आकडा जास्त आला तर कोणाला तरी वायरिंगचा जुडगा हळूहळू हलवायला सांगावं आणि आपण मीटरकडे पाहत राहावं. आकडा जिथे उडी मारतो, दोष तिथे. रेनिक्स जीपमध्ये अर्थच्या बऱ्याच वायरी इंजिन ब्लॉकवर, ऑइल मोजायच्या पट्टीच्या नळीजवळ एका बोल्टखाली एकत्र येतात. पस्तीस वर्षांत त्या बोल्टखाली तेल, माती आणि गंज यांचा थर जमलेला असतो. बोल्ट काढून वायरींची टोकं पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासायची, ब्लॉकची जागा वायर ब्रशने साफ करायची आणि पुन्हा घट्ट आवळायचं. इंजिनाचं हेड आणि मागची पत्र्याची भिंत यांना जोडणारी विणलेली पट्टीही अशीच साफ करायची, गळालेली असेल तर बदलायची. १९८७ आणि १९८८ च्या गाड्यांत ब्रेकच्या मास्टर सिलिंडरजवळ भिंतीवर एक मोठा जोड आहे. त्यात पाणी शिरू नये म्हणून भरलेला डांबरासारखा पदार्थ वयानुसार खराब होतो आणि सिग्नल बिघडवतो. पुढच्या दोन वर्षांत कंपनीने तो जोडच काढून टाकला. माझ्या मते जुन्या गाडीत सेन्सरपेक्षा अर्थवर दिलेला एक रविवार कितीतरी जास्त कामाला येतो, आणि त्याला पॉलिश पेपरपलीकडे फारसा खर्चही नाही.

अर्थ नीट असल्याची खात्री झाली की बटरफ्लाय पाहायची. हवेचा पाइप काढला की ती दिसते. कडेला काळा थर असेल तर कार्ब क्लीनर आणि फडक्याने पुसून काढावा. ॲक्सिलरेटरची केबल ताणलेली नाही ना, हे हाताने दाबून बघावं. बटरफ्लाय कुठे थांबेल ते ठरवणारा एक छोटा स्क्रू असतो. रेस वाढवण्यासाठी कोणीतरी तो पूर्वी पिळलेला असण्याची शक्यता असते. तो चुकीच्या जागी असेल तर सतरा टक्क्यांचा सारा हिशेबच चुकीच्या पायावर उभा राहतो.

मग सेन्सर धरून ठेवणारे दोन स्क्रू सैल करायचे. त्यांना टॉर्क्सची, म्हणजे सहा पाकळ्यांच्या चांदणीसारखी खाच असते, त्यामुळे तसाच बिट हवा. स्क्रू पूर्ण काढायचे नाहीत. डबी बोटांनी फिरवताना जड जाईल इतकेच सैल ठेवायचे. स्क्रूंची भोकं लांबट असल्यामुळे डबी थोडी मागे-पुढे फिरते. मीटर सिग्नलवर लावून ती केसाएवढी फिरवायची, थांबायचं, वाचायचं. आकडा जुळला की स्क्रू आवळायचे, आणि आवळताना आकडा हटकून सरकतो. डबी शेवटच्या पिळात थोडी वळते, त्यामुळे दोन्ही स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळावे लागतात आणि मग पुन्हा मोजावं लागतं. घाईच्या माणसाने इथे चहा प्यावा आणि मग परत यावं. भोकाच्या पूर्ण लांबीतही आकडा जुळत नसेल, तर काही जण कानस घेऊन भोक वाढवतात. त्याआधी बटरफ्लाय खरंच मिटते आहे का, हे पुन्हा पाहावं.

ऑटोमॅटिक गिअरच्या जीपमध्ये त्याच डबीत आणखी एक पट्टा आहे. तो गिअरबॉक्सच्या वेगळ्या कॉम्प्युटरसाठी असतो आणि त्याचा कपलर चार पिनांचा, चौकोनी. या गाड्यांत सेन्सर या चौकोनी कपलरवर मोजून बसवायचा असतो, आणि तिथे बटरफ्लाय बंद असतानाचं प्रमाण सतराऐवजी त्र्याऐंशी टक्के आहे. शंभरातून सतरा गेले की त्र्याऐंशी. पट्टा तसाच, पण मोजणी उलट्या टोकाकडून.

जागा जुळवून झाली तरी झीज भरून निघत नाही, त्यामुळे शेवटी पट्टाही तपासायचा. सिग्नलवर मीटर ठेवून बटरफ्लाय हाताने अगदी सावकाश उघडायची. आकडा चढत गेला पाहिजे, मधे कुठेही शून्याकडे पडता कामा नये. डिजिटल मीटर सेकंदात दोन-तीनदाच आकडा बदलतो, म्हणून क्षणाची पडझड त्यात हरवते. काट्याचा जुना मीटर कोणाकडे असेल तर तो इथे सोन्यासारखा आहे. काटा थरथरला की लगेच दिसतं. पट्टा बहुतेक वेळा सुरुवातीच्या पाव भागातच झिजतो, कारण गाडीचं बहुतेक आयुष्य पॅडल थोडंसं दाबलेल्या अवस्थेत जातं. तिथे सिग्नल तुटत असेल तर सेन्सर बदलायचा. या एका बाबतीत नवा सेन्सर घेणं हेच बरोबर आहे.

१९९१ पासून चेरोकीत क्रायस्लरची यंत्रणा आली आणि फिरवून बसवायचा सेन्सर गेला. नवा कॉम्प्युटर सिग्नलचा सर्वांत कमी आकडा स्वतःच शिकतो आणि त्यालाच शून्य मानतो. डॅशबोर्डवर दिवाही आला. चावी तीनदा ऑन केली, की तो लुकलुकून दोन आकडी कोड सांगायचा. आधी दोनदा, मग थोडं थांबून चारदा लुकलुकला, म्हणजे चोवीस, तर दोष टीपीएसच्या सर्किटमध्ये. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या कारना सोळा पिनांचं एकच सॉकेट आणि एकच कोडभाषा सक्तीची झाली. आपल्याकडे इंजेक्शनच्या गाड्यांना खरा जोर आला तो सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ च्या आदेशाने, जेव्हा दिल्ली परिसरातल्या नव्या गाड्यांना प्रदूषणाचे युरोपीय निकष लागू झाले. २०१३ च्या एप्रिलपासून भारत स्टेज चारच्या गाड्यांत ओबीडी दोन ही तपासणीव्यवस्थाही आली. स्टिअरिंगखाली सॉकेटमध्ये खोचायचा आणि मोबाइलवर कोड दाखवणारा छोटा ॲडॅप्टर आता सहज मिळतो, आणि तो प्रत्येकाने घ्यावा असं मला वाटतं.

पण कोड काय सांगतो ते नीट वाचलं पाहिजे. पी ०१२२ याचा अर्थ टीपीएसच्या सर्किटमध्ये व्होल्ट अपेक्षेपेक्षा कमी आहेत. पी ०१२३ म्हणजे जास्त आहेत. दोन्हींत ‘सर्किट’ हा शब्द आहे. सेन्सर खराब आहे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. पुरवठ्याची वायर तुटली तरी पी ०१२२ येतो, आणि अर्थची वायर तुटली तर पी ०१२३, कारण मग पत्तीवर सगळे पाच व्होल्ट दिसतात. कोड पाहून सेन्सर बदलणं, तोच कोड परत येणं आणि मग दुसरा सेन्सर बदलणं, ही मालिका अनेकांच्या खिशाला महागात पडते आणि ती टाळण्यासारखी आहे.

दोष सेन्सरचा की सर्किटचा, हे इंजिनाच्या पाण्याचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरवर तपासणं फार सोपं आहे. त्याला दोनच वायरी असतात आणि तापमान वाढलं की त्याचा रोध कमी होतो. मोबाइलवर तापमान बघत कपलर काढायचा: आकडा उणे चाळीसच्या आसपास गेला पाहिजे. मग कपलरच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडायच्या: आकडा उसळून शंभराच्या बराच वर गेला पाहिजे. दोन्ही झालं तर वायरिंग आणि कॉम्प्युटर ठीक आहेत, दोष सेन्सरमध्ये. झालं नाही, तर सेन्सरला हात लावायची गरज नाही. काढलेला सेन्सर पातेल्यातल्या पाण्यात धरून, थर्मामीटर लावून, गॅसवर पाणी तापवत मोजता येतो. बऱ्याच गाड्यांत वापरला जाणारा प्रकार २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास दाखवतो. तो फिरवून दुरुस्त होत नाही, पण खरं बोलतो की नाही हे दहा मिनिटांत कळतं. पातेलं मात्र नंतर स्वयंपाकाला वापरू नये.

आजच्या गाड्यांत पॅडल आणि बटरफ्लाय यांच्यामध्ये केबलच नाही. पॅडलला वेगळा सेन्सर असतो आणि बटरफ्लाय एक मोटर फिरवते. २०१७ पासून पुण्याजवळ रांजणगावला बनणारी जीप कंपासही अशीच आहे. अशा गाडीत चावी ऑन असताना बटरफ्लायमध्ये बोट कधीही घालू नये; मोटर ती अचानक मिटवते आणि बोटाला गंभीर इजा होऊ शकते. बटरफ्लायचा सेन्सर तिच्या घरातच बसवलेला असतो, तो सुटा फिरवायची सोय नाही, आणि सील केलेले स्क्रू छेडू नयेत. पण आत डोकावलं तर ओळखीचं काहीतरी भेटतं. इथे दोन सिग्नल असतात, आणि अनेक गाड्यांत एक चढतो तेव्हा दुसरा तितकाच उतरतो. ऑटोमॅटिक रेनिक्समध्ये सतरा आणि त्र्याऐंशीची जोडी होती, तसंच हे. कॉम्प्युटर दोघांची एकमेकांशी सतत पडताळणी करतो, आणि ताळमेळ बसला नाही तर पी २१३५ कोड देऊन इंजिनाची ताकद मुद्दाम कमी करतो. ज्या गाडीत हे दोन सिग्नल एकमेकांच्या उलट चालतात, तिथे ते मोबाइलवर शेजारी-शेजारी लावून, इंजिन बंद आणि चावी ऑन ठेवून पॅडल सावकाश दाबावं. बेरीज सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास तीच राहिली पाहिजे. एखाद्याच टप्प्यावर ती चुकत असेल तर झीज तिथे आहे आणि संपूर्ण थ्रॉटल बॉडी बदलावी लागेल. सगळीकडे सारखीच चुकत असेल, तर आधी कपलर काढून त्याच्या पिना आणि अर्थची वायर तपासायला घ्यावी.